सोसायटीत आपले म्हणणे कसे मांडाल?



निमोणे घ्या की आसपासचे कुठलेही गाव घ्या, विकास सोसायटीच्या कारभारावर पारावर जेवढे बोलले जाते तेवढे सभेत बोलले जात नाही. सभेत चहा होतो, 'मंजूर, मंजूर' होते आणि माणसे उठतात.

याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये लोकांनी सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा उसळला, तेव्हा लोकांचा रोख कर्जखतांवर होता. कागद सावकाराचा आणि शेतकऱ्याचा फक्त अंगठा, अशी तेव्हाची स्थिती. आज सोसायटीचे दप्तर सभासदाला उघडून पाहता येते. सहकारी संस्था कायदा १९६०, कलम ३२ प्रमाणे पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या खात्याच्या नोंदी कचेरीत फुकट पाहायला मिळतात. फी भरल्यास नक्कल महिन्याच्या आत द्यावी लागते.

समजा, तुम्ही भरणा केला, तरी खात्यावर थकबाकी दिसते. पुढचे पीककर्ज त्यावर अडते. अशा वेळी सचिवाशी हुज्जत घालू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा. त्यात पावती नंबर, तारीख, रक्कम आणि नेमके काय हवे ते घाला. 'कारभार सुधारावा' असे मोघम लिहाल तर उत्तरही मोघमच येईल. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. तोंडी सांगितल्याला कचेरीत किंमत नसते, हे मी नोकरीत राहूनच सांगतो आहे.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हावी लागते. तीच अडचण असलेले चार-पाच सभासद आधी गाठा. ठराव लिहून न्या, सूचक-अनुमोदक ठरवा. अध्यक्षांनाही आधी कल्पना द्या. बहुधा ते भावकीतलेच असतात. भर सभेत उघडे पाडले की ठराव राहतो बाजूला आणि भांडण उभे राहते. दोन मिनिटांत बोला, आणि नंतर इतिवृत्तात ठराव लिहिला गेला का ते वाचून पाहा.

सभासदत्व बाईच्या नावे असेल तर सभेला तिनेच जावे. दहा एकरवाला असो वा दोन एकरवाला, मत एकच.

सभाच टाळली जात असेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यावर महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. तेवढ्यानेही न भागल्यास पोचेच्या नकला जोडून तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज द्या, आणि त्याचीही पोच घ्या.