चाचणीचा अहवाल : साधन विचारते, उत्तर संशोधकाचे

यादृच्छिक चाचणीत कोणत्या रुग्णाला नवा उपचार आणि कोणाला जुना, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नसते. चिठ्ठी टाकावी तसे ते ठरते. अशा चाचणीच्या अहवालात काय असायलाच हवे, हे सांगणारी ‘कॉन्सॉर्ट’ यादी 1996मध्ये आली. तिच्या आधाराने लिहायला मदत करणारी ऑनलाइन साधनेही पुढे तयार झाली. त्यांच्याबद्दल काही गैरसमज आहेत.

गैरसमज : ‘रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले’ एवढे लिहिले की पुरे.

वस्तुस्थिती : एवढ्यावरून वाचकाला काहीच पडताळता येत नाही. क्रम कोणी काढला? पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे त्याला दाखल करून घेणाऱ्याला आधीच कळत होते का? कळत असेल, तर तब्येतीने बरे असलेले रुग्ण नकळत नव्या उपचाराच्या गटात जाऊ शकतात आणि औषध आहे त्याहून गुणकारी दिसू शकते. म्हणून क्रम संगणकाने काढला असेल, क्रमांक घातलेल्या अपारदर्शक, सीलबंद पाकिटांत ठेवला असेल आणि रुग्णाची नोंदणी झाल्यावरच पाकीट उघडले असेल, तर ते तसेच लिहावे लागते.

गैरसमज : यादी लेख लिहून झाल्यावर, नियतकालिकाकडे पाठवताना भरायची.

वस्तुस्थिती : तिचा खरा उपयोग लिहितानाच होतो. ‘कॉबवेब’ हे साधन प्रत्येक भागासाठी आवश्यक मुद्दे आणि चांगल्या लेखनाचे नमुने समोर ठेवते. त्याच्या 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 41 विद्यार्थ्यांनी अहवालातल्या ‘पद्धती’ विभागाचे सहा भाग लिहिले. तीन साधनासह, तीन साधनाविना. साधनासह लिहिलेले भाग अधिक परिपूर्ण निघाले.

गैरसमज : साधन कोणतेही असो, अहवाल सुधारतोच.

वस्तुस्थिती : ‘वेबकॉन्सॉर्ट’ लेखकांना त्यांच्या चाचणीच्या प्रकारानुसार यादी तयार करून देत असे. 46 नियतकालिकांच्या मदतीने ते तपासले गेले. 2016मध्ये आलेल्या निष्कर्षांत अहवालांच्या गुणवत्तेत म्हणावा तसा फरक दिसला नाही. नोंदवलेल्या लेखांपैकी 39 टक्के विश्लेषणातून वगळावे लागले, कारण त्यांतले बहुतेक यादृच्छिक चाचण्यांचे नव्हतेच! आपण नेमका कोणता अभ्यास केला, हेच लेखकाला स्पष्ट नसेल तर साधन काय करणार?

गैरसमज : यादीतले सगळे मुद्दे आले म्हणजे चाचणीही उत्तम.

वस्तुस्थिती : यादी अहवालाची पारदर्शकता पाहते. सदोष चाचणीचाही अहवाल प्रामाणिक असू शकतो आणि तो तसाच असायला हवा. दोष दिसले तरच वाचक निष्कर्षांची किंमत ठरवू शकतो.

गैरसमज : एकदा उतरवून घेतलेली यादी कायम चालते.

वस्तुस्थिती : 2010च्या यादीत 25 मुद्दे होते, 2025च्या यादीत 30 आहेत.

संशोधकांनो, पहिला मसुदा लिहायला बसतानाच ताजी यादी उघडा आणि जे केले नाही तेही स्पष्ट लिहा. चाचणीत स्वतःचे शरीर देणाऱ्या रुग्णांना एवढा हिशेब मिळालाच पाहिजे.