दारी श्वान, घरी शिंका

पैनगंगेपलीकडच्या माहूरशी आदिलाबादच्या मराठी कुटुंबांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. ज्या घरात दत्तप्रभूंची तसबीर आहे, तेथील मुलाला त्या चार श्वानांची ओळख अक्षरओळखीच्याही आधी होते. स्वर्गाच्या दारातही धर्मराजाने ज्याची साथ सोडली नाही, त्या श्वानाची कथा ते मूल आजीच्या मांडीवर ऐकते. मग एके दिवशी ते हट्ट धरून बसते, ‘आपल्याकडेही कुत्रा हवा!’ आणि नेमके त्याच मुलाला शेजारच्या कुत्र्याशी खेळून आल्यावर शिंका येतात, डोळे चुरचुरतात, हातावर गांधी उठतात. आईवडील दवाखान्यात येऊन विचारतात, “डॉक्टरसाहेब, अ‍ॅलर्जी न होणारी एखादी जात सांगा ना!”

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एवढेच, की अशी जात अस्तित्वात नाही. परंतु तेवढे सांगून पालकांची बोळवण करणे योग्य नव्हे. प्रश्न चुकीचा असला तरी त्यामागची इच्छा खरी आहे, आणि सौम्य अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाला ‘कुत्रा नकोच’ असे सांगण्याचीही गरज नसते.

‘अ‍ॅलर्जी न देणारा कुत्रा’ ही कल्पना जगभर पसरली ती 2008 च्या सुमारास. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या बराक ओबामा यांनी मुलींना कुत्रा देण्याचे वचन दिले होते, आणि थोरल्या मुलीला अ‍ॅलर्जी होती. 2009 च्या एप्रिलमध्ये ‘बो’ नावाचा पोर्तुगीज वॉटर डॉग व्हाइट हाऊसमध्ये आला आणि वृत्तपत्रांतून या जातीचा गाजावाजा झाला.

याहून बोधप्रद कथा ऑस्ट्रेलियाची आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हवाई बेटावरील एका अंध स्त्रीला मार्गदर्शक कुत्रा हवा होता; पण तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतील वॉली कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. प्रत्येकाचे केस व लाळ तपासणीसाठी हवाईला पाठवण्यात आली, तेव्हा तिघांपैकी एकाच पिल्लाने त्या गृहस्थांना त्रास दिला नाही. एकाच आईबापांची, एकाच वेळची तीन पिल्ले, आणि त्यांतले एकच चालले! तरीही बाजाराने त्यातून अर्थ काढला तो ‘लॅब्राडूडल ही जातच निर्धोक’ असा. या संकराबद्दल आपल्याला पश्चात्ताप वाटतो, असे पुढे कॉनरन यांनीच जाहीरपणे सांगितले.

संशोधनही हेच सांगते. 2011 मध्ये अमेरिकेत निरनिराळ्या घरांतील धूळ तपासली गेली. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या आणि इतर जातींच्या घरांत फरक आढळला नाही. 2012 मध्ये नेदरलँड्समधील अभ्यासात तर या तथाकथित निर्धोक जातींच्या केसांत मुख्य अ‍ॅलर्जीकारक प्रथिन अधिक निघाले. घरातील हवेत मात्र फरक नव्हता. कारण उघड आहे. दोष केसांचा नसतो. ‘कॅन एफ 1’ नावाचे हे प्रथिन लाळेत व त्वचेच्या कोंड्यात असते. केस हे त्याचे वाहन. केस कमी गळले म्हणून कोंडा व लाळ थांबत नाही. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत या प्रथिनाचे प्रमाण पुष्कळ वेगळे असू शकते. म्हणून निवड करायची ती जातीची नव्हे, तर त्या एका कुत्र्याची.

त्याआधी मात्र एक पायरी आहे. शिंका खरोखर कुत्र्यामुळेच येतात काय? आपल्या भागात दसरा-दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू होते आणि हवेत धूळ वाढते. गादी-उशांतील धूळकिडे आणि झुरळे तर बारमाही सोबती. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलेले गाजरगवत आज देशभर माजले आहे. त्यात लोळून आलेला कुत्रा त्याचे परागकण अंगावर घेऊन येतो आणि बोल मात्र कुत्र्याला लागतो. त्वचेवरील टोचणी-चाचणीने हा गुंता बराच सुटतो. त्यापूर्वी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, हे पालकांना आवर्जून सांगावे. चाचणी सकारात्मक आली, पण कुत्र्याजवळ काहीच त्रास होत नसेल, तर तो आजार नव्हे.

‘सौम्य’ म्हणजे काय, हेही ठरलेले आहे. झोप शांत लागते, शाळा व खेळ बुडत नाही, लक्षणे असह्य नाहीत, तोवर नाकाची अ‍ॅलर्जी सौम्य. परंतु मुलाला दमा असेल, कुत्र्याजवळ छातीत घरघर होत असेल किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर विषय तेथेच संपवावा. ‘हळूहळू सवय होईल’ या आशेवर मुलाच्या श्वासाचा जुगार खेळू नये. बाळाच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रा असल्यास पुढे दम्याचा धोका काहीसा कमी दिसतो, असे 2015 च्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात आढळले. पण अ‍ॅलर्जी आधीच जडलेल्या मुलाला त्याचा आधार घेता येत नाही.

निवडीत मादी की नर, या प्रश्नाला वैद्यकीय अर्थ आहे. ‘कॅन एफ 5’ हे प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. काही रुग्णांना केवळ याच प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते. त्यांना मादी किंवा खच्ची केलेला नर सोसू शकतो. हे ठरवणारी रक्ततपासणी मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते. पिल्लापेक्षा वयात आलेला कुत्रा घेणे बरे, कारण त्याची पारख आधी करता येते. तो ज्या घरी आहे तेथे मुलाला वेगवेगळ्या दिवशी, बंद खोलीतही तासभर बसवावे आणि त्या रात्रीची व दुसऱ्या सकाळची लक्षणे लिहून ठेवावीत. शक्य असल्यास कुत्र्याला काही आठवडे तात्पुरते घरी आणावे. घरातील प्रथिन साचत साचत वाढते, एका भेटीत ते कळत नाही. या पारखीत आपला गावठी कुत्रा उतरला, तर त्याहून उत्तम काय! त्याला अ‍ॅलर्जी कमी असते म्हणून नव्हे, तर आपला उन्हाळा त्याला सोसतो म्हणून.

कुत्रा आल्यावर निजायची खोली त्याला कायमची बंद. ओसरी आणि अंगण ही त्याची जागा. अर्थात तेवढ्याने प्रथिन घरात येणे थांबत नाही, कपड्यांवरून ते येतेच. केस विंचरण्याचे काम अंगणात, अ‍ॅलर्जी नसलेल्या मोठ्या माणसाने करावे. आंघोळीने प्रथिन घटते, पण दोन-तीन दिवसांतच पूर्वपदावर येते. त्यामुळे आठवड्यातून दोनदा घालावी लागते. कुत्र्याच्या त्वचेला ती मानवते का, हे पशुवैद्यांना विचारावे. कोरड्या केरसुणीने धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसणे चांगले. आदिलाबादच्या कडाक्याच्या थंडीत दारे-खिडक्या बंद राहतात, तेव्हा त्रास वाढण्याचा संभव अधिक. उन्हे आल्यावर घर काही वेळ उघडे ठेवावे. रेबीजची लस वेळापत्रकाप्रमाणे टोचून घेणे, हे अ‍ॅलर्जी असो वा नसो, अनिवार्यच आहे.

एवढे करूनही त्रास वाढला तर? हा प्रश्न कुत्रा आणण्यापूर्वी विचारायचा आहे. अशा वेळी त्याला सांभाळणारे दुसरे घर आधीच ठरलेले असावे. वाढदिवसाला आणलेले पिल्लू सहा महिन्यांनी रस्त्यावर सोडले जाते, तेव्हा त्या मुक्या जिवाची परवड होतेच. शिवाय ‘माझ्यामुळे तो गेला’ हा सल मुलाच्या मनात घर करून राहतो, आणि त्यावर आपल्याजवळ औषध नाही. धर्मराजाची परीक्षा स्वर्गाच्या दारी झाली. आपली आपल्याच उंबरठ्यावर होते, कुत्रा आत येण्यापूर्वी.