सातबारा वहीतून सर्व्हरवर गेला, तेव्हा आपण कडोदऱ्यात होतो



आपल्यापैकी बहुतेकांचे एक घर कडोदऱ्यात आणि एक गावाकडे. चलथाणहून ताप्ती लाईनच्या गाडीत बसलो की नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. शेत भाऊ कसतो किंवा वाट्याने दिलेले असते. आपला त्या शेताशी कागदोपत्री संबंध उरतो तो सातबाऱ्यावरच्या नावापुरता, आणि ते नाव आता तलाठी आप्पांच्या वहीत नसून सर्व्हरवर आहे. ते तिथे कसे गेले हे कळले, तर आपला उतारा कुठे तपासायचा हेही कळेल.

महाराष्ट्रात साधारण 44 हजार महसुली गावे आणि अडीच कोटींच्या आसपास सातबारे. एवढा साठा हलवायचा तर पहिला प्रश्न: ठेवायचा कुठे?

सगळे कागद सारखे नसतात. चालू सातबारा म्हणजे नावे आणि आकडे. संगणकाच्या हिशेबाने तो काही किलोबाइटचा, पण खरेदी, वारस, बोजा अशा नोंदींनी सारखा बदलणारा. तो कायम चालू असलेल्या, वेगवान सर्व्हरवरच हवा. जुन्या फेरफार वहीचे पान मात्र कधीच बदलत नाही. त्याचा फोटो काढून ठेवायचा, आणि असा एक फोटो शेकडो सातबाऱ्यांएवढी जागा खाऊ शकतो. वर्षातून एखादवेळी कोणी तो मागणार. त्यासाठी महाग सर्व्हर अडवण्यात अर्थ नाही, स्वस्त साठवण पुरते. जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन देण्याचे काम ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाले त्यांत आपला धुळे जिल्हाही होता. धान्य कोठीत आणि रोजचे पीठ डब्यात ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

जागा कोणतीही निवडा, सगळे एकाच छपराखाली ठेवायचे नाही. 21 जून 2012 ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या. ज्या फायलींची दुसरी प्रत नव्हती त्या तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा जमवाव्या लागल्या. आपल्याला 2006 चा तापीचा पूर आठवतो. सुरतेत किती घरांच्या कपाटातले कागद लगदा झाले! म्हणून मोठ्या साठ्याच्या निदान तीन प्रती ठेवतात, त्यांतली एक दुसऱ्या गावात. आणि शक्य असेल तर एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली, म्हणजे व्हायरस आला तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही.

इथपर्यंत पैशाने भागते. खरी अडचण हलवताना येते.

सातबारा तसा पूर्वीही हलत असे. दर दहा वर्षांनी जुनी वही भरली की तलाठी नव्या वहीत हाताने उतरवून घेत, त्याला पुनर्लेखन म्हणतात. त्यातही चुका होत, पण एका गावापुरत्या. संगणकात नेताना पुष्कळ हातांनी भराभर टंकन केले. वहीतले अक्षर लागले नाही की सुखदेवचा सुकदेव होतो. दशांश चिन्ह सरकले तर 0.40 हेक्टरचे, म्हणजे एकराच्या जवळपासचे शेत 4.00, म्हणजे दहा एकर होते. इतर हक्कातली बहिणीची नोंद सुटते.

यातल्या काही चुका संगणक स्वतः पकडतो. सगळ्या खातेदारांचे क्षेत्र मिळून गटाचे एकूण क्षेत्र येते का, सातबारा आणि 8अ जुळतात का, हे तो मोजू शकतो. नाव चुकले आहे हे त्याला कळत नाही, कारण सुकदेवही नावच आहे. ते ओळखायला सुखदेवच्या घरचे माणूस लागते.

म्हणूनच 2017 च्या सुमारास गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, लोकांनी ऐकायचा आणि हरकत सांगायची. माझ्या मते सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची होती. ज्या कंपन्या लाखो दस्तऐवज नव्या सर्व्हरवर नेतात त्यांनाही शेवटी हेच करावे लागते. किती फायली गेल्या हे मोजून भागत नाही, ज्याचा कागद त्याने उघडून पाहावा लागतो. पण त्या दिवशी चावडीवर गावात राहणारी मंडळी होती. आपल्यातले पुष्कळजण इथे मिलच्या पाळीवर होते. आपले नाव वाचले गेले तेव्हा ऐकायला कोणी नव्हते, किंवा होता तो दुसरा हिस्सेदार.

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. 15 रुपये भरून तो इथूनच काढता येतो आणि त्यावर तलाठ्याची सही लागत नाही. महाभूलेखवर नुसता पाहायला पैसे पडत नाहीत. तो घ्या आणि घरातल्या जुन्या हस्तलिखित उताऱ्याशेजारी ठेवा. नाव अक्षर न् अक्षर, क्षेत्र, पोटखराबा, इतर हक्क, फेरफार क्रमांक. शेवटचा रकाना घाईत राहतो, पण चूक कोणत्या नोंदीत शिरली हे त्यावरूनच सापडते.

लेखनाची चूक निघाली तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सोबत जुना उतारा आणि त्या फेरफाराची नक्कल जोडायची. हिस्स्याबद्दलच वाद असेल तर मात्र हा रस्ता नाही, तिथे वकिलाला विचारा.

आणि नवा उतारा हाती आला म्हणून जुना पिवळा कागद रद्दीत घालू नका. मोबाइलवर त्याचा फोटो काढा, एक झेरॉक्स गावी भावाकडे द्या, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.