जुन्या पीसीचा राउटर: मोडेम कोणता घ्यावा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या पीसीवर लिनक्स टाकून राउटर करायचं ठरवलं, तर मोडेम कुठला? माझं उत्तर साधं आहे: मोडेम वेगळा ठेवा आणि इथरनेट केबलने जोडा.

कारण बघा. पीसीच्या आत बसणारं डीएसएल कार्ड किंवा यूएसबी मोडेम खास ड्रायव्हरवर चालतो. कर्नल अपडेट झाला, ड्रायव्हर रुसला, की घरभर नेट बंद. आणि दुरुस्तीची फाइल असते नेटवरच! इथरनेट मोडेमला असा ड्रायव्हर लागत नाही; लिनक्सने नेटवर्क कार्ड ओळखलं की झालं.

घेण्याआधी एवढंच विचारा: यात ब्रिज मोड आहे का? त्यात मोडेम फक्त सिग्नलचं रूपांतर करतो. पीपीपीओई लॉगिन, नॅट, फायरवॉल सगळं लिनक्सच्या हातात येतं. नाहीतर नॅट दोनदा होतं आणि बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोचणं अवघड होतं.

फायबर असेल तर ओएनटी बहुधा कंपनीच देते. तोच ब्रिज मोडमध्ये करून मागा. आणि पीपीपीओई 8 बाइट घेतं, म्हणून त्या जोडणीचा एमटीयू 1500 नव्हे, 1492 ठेवा. तो चुकला तर काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात, आणि आपण उगाच मोडेमला दोष देत बसतो.