वीस फुटांची वायर

आमच्या अण्णांना ऐकू कमी येऊ लागलं, ही बातमी शिरूर कासारमधल्या आमच्या गल्लीला आमच्याआधी कळली. संध्याकाळी आमच्या टीव्हीवर बातम्या लागल्या की त्याच पलीकडच्या दोन घरांतही ऐकू यायच्या. कानाचं मशीन त्यांनी दोन दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. ‘भांड्यांचाच आवाज लई येतो त्यात,’ म्हणाले. त्यात आमच्या धाकट्याचं दहावीचं वर्ष. शेवटी मी बीडहून हेडफोन आणला. त्याची स्वतःची वायर चार फूट आणि टीव्हीपासून अण्णांची खाट सात फुटांवर. म्हणून सोबत पाच मीटरची जोडवायर घेतली. सगळी मिळून वीस फूट झाली. जास्त असलेली बरी, असं दुकानदारही म्हणाला आणि मीही मान हलवली.

पंधरा दिवसांतच ती चूक कळली. उरलेली तेरा फूट वायर फरशीवर लोळायची. एका रात्री आई पाणी प्यायला उठली आणि तिचा पाय वायरीत अडकला. मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. अण्णा कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी हेडफोन खुंटीला अडकवला आणि टीव्हीचा आवाज पार बंद करून नुसती चित्रं बघत बसू लागले. घर शांत झालं खरं, पण ती शांतता आम्हांला सोसेना.

मग मी वायरीच्या मागे लागलो. पहिला विचार आला तो कापायचा. पण ह्या वायरीतल्या केसासारख्या तारांवर बहुधा लाखेसारखा लेप असतो, तो जाळल्याशिवाय डाख नीट बसत नाही. शिवाय डाव्या कानाची तार वेगळी, उजव्या कानाची वेगळी आणि परतीची तिसरी. घरी हा उद्योग न केलेला बरा. दुकानातून आखूड जोडवायर आणावी, तर ती टीव्हीपासून खाटेपर्यंत सरळ जाणार, म्हणजे पुन्हा आईच्या वाटेतूनच. बिनतारीचा सल्ला पुण्याच्या भावाने दिला. पण आमच्या जुन्या टीव्हीला ती सोय नाही आणि रोज आठवणीने चार्जिंग करणं हे अण्णांचं काम नव्हे.

गुंडाळायची म्हटलं तर मी आपली कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळायचो, आणि सकाळी सोडायला गेलं की गुंता. धाकट्याने शाळेत ऐकलेली गंमत सांगितली. 2007 साली अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांनी डब्यात दोरी टाकून तो डबा फिरवला, असं 3,415 वेळा केलं. साधारण दीड फुटापेक्षा आखूड दोरीला गाठ बसलीच नाही. लांबी वाढत पाच फुटांवर गेली तशी निम्म्या वेळा बसू लागली. म्हणजे गाठी मारायला कुणी लागत नाही, नुसतं हलणं पुरतं. (ह्या उद्योगाला पुढच्या वर्षी इग नोबेल मिळालं. लोकांना हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं ते बक्षीस.)

खरी विद्या मिळाली ती हरिनाम सप्ताहात. काल्याच्या दिवशी मंडप उतरत होता आणि माईकवाला पोरगा शंभर-शंभर फुटांच्या वायरी झपझप आवरत होता. एक वेटोळं सरळ, दुसरं मनगट आत वळवून उलटं. एका वेटोळ्याने वायरीला जो पीळ पडतो, तो पुढचं उलटं वेटोळं उलगडून टाकतं. टोक मात्र वेटोळ्यांच्या आतून जाऊ द्यायचं नाही, नाहीतर गाठींची माळ तयार होते.

घरी येऊन मी सराव करू लागलो. अण्णा खाटेवरून बघत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा आपणहून बोलले, ‘मोटेचा नाडा काय आम्ही कोपरावर गुंडाळायचो व्हय? दोराला त्याचा पीळ असतो. कामून भांडतोस त्याच्याशी? आण इकडं.’ आणि वायर हातात घेऊन, बोटांत अलगद फिरवत त्यांनी असं वेटोळं घातलं की मंडपवाल्यानेही बघत राहावं.

मग दोघांनी मिळून वाट आखली. टीव्हीमागून, भिंतीच्या कडेने, दाराला वळसा न घालता खाटेच्या उशाशी. हा फेरा बरोबर तेरा फूट झाला. दर दोन फुटांना खिळ्याची छोटी पकड, पण सैल, वायर चेपणार नाही इतपत. टीव्हीच्या स्टँडला वायरीचा एक सैल वेढा दिला, म्हणजे चुकून ओढ बसली तर ती खाचेतल्या पिनेवर येत नाही. जोडवायरीची उरलेली तीन फूट वेटोळं करून आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधली. रबर लावलं नाही, ते उन्हाळ्यात चिकटतं. हेडफोनची स्वतःची चार फूट सदऱ्याच्या काजाला एका चिमट्याने, म्हणजे मान हलवली तरी कान ओढला जात नाही. वीस फूट पुरी वापरात आली.

आईने गळ्यात अडकवलेल्या हाताने हे सगळं बघितलं आणि म्हणाली, ‘हे आधी सुचलं असतं तर!’ ह्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्या संध्याकाळी अण्णांनी पुन्हा बातम्या ऐकल्या. रात्री झोपताना त्यांनी वायर स्वतः आवरून खुंटीला टांगली. मग दिवा मालवण्याआधी खाटेपासून माठापर्यंतची फरशी अनवाणी पायाने एकदा चाचपत चालून आले.