थकवा कुणाला विचारायचा?

मित्रहो, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा फुटबॉलच्या दमसासाशी काय संबंध, असं काहींच्या मनात आलं असेल. थकवा ओळखायचा कसा आणि त्याबाबत कुणाचा शब्द खरा मानायचा, हा शेवटी ज्ञानाचाच प्रश्न आहे. म्हणून आज तो घेऊ.

आपल्या कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर खेळ फुटबॉलचा असतो, पण संस्कार तालमीचे. तालमीकडून आपण मेहनत घेतली, जोर-बैठका घेतल्या. पण तिथं मेहनतीच्या जोडीला खुराक, मालिश आणि झोपही असायची. हा दुसरा भाग मैदानावर येताना थोडा मागं राहिला. ‘अजून एक राउंड मार’ असं आपण सहज म्हणतो. ‘आज बस’ म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. वरच्या दर्जाचा फुटबॉलपटू 90 मिनिटांत साधारण 10 ते 11 किलोमीटर अंतर कापतो. पण ते एका लयीत नाही. झेप, थांबा, वळण, पुन्हा झेप. याला लागणारं मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, ग्लायकोजेन. स्वीडनच्या बेंग्ट साल्टिन यांनी 1973 मध्ये दाखवलं, की हा साठा कमी असताना मैदानात उतरलेले खेळाडू कमी अंतर कापतात आणि उत्तरार्धात जास्त चालतात. प्रेक्षक म्हणतात, ‘पोरगा आळशी झाला.’ खरं तर त्याची टाकी रिकामी झालेली असते.

ती टाकी पुन्हा भरायला सामन्यानंतर दोन-तीन दिवसही लागू शकतात. कारण वेगात असताना एकदम थांबण्यानं स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखावलेला स्नायू साखर सावकाश भरून घेतो. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याला आपण ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ म्हणतो. ते बरोबर नाही. रक्तातलं लॅक्टेट तास-दीड तासात पूर्ववत होतं. दुखणं असतं ते या इजेचं आणि तिच्या दुरुस्तीचं.

इथं मुद्दा नीट लक्षात घ्या. सरावानं त्या वेळी ताकद खाली येते. ती वाढते नंतर, दुरुस्ती होताना. म्हणजे विश्रांती हा सरावाचाच भाग झाला. दुरुस्ती व्हायच्या आत पुन्हा ताण दिला, की शरीर आणखी खाली जातं.

मग दुरुस्ती झाली की नाही, हे कळायचं कसं? डेन्मार्कच्या येन्स बँग्सबो यांची यो-यो चाचणी आपल्याकडे क्रिकेटमुळे सर्वांना माहीत झाली. 20 मीटर जा, परत या, बीपबरोबर वेग वाढवा. ती कुवत सांगते. पण आज सकाळी या मुलाचे पाय जड आहेत का, हे रोज तसं पळवून कसं बघणार?

अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी साधा उपाय काढला. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं खेळाडूला विचारा, ‘किती अवघड गेलं? 0 ते 10 मध्ये सांग.’ तो आकडा मिनिटांनी गुणा. 90 मिनिटांचा सराव आणि उत्तर 7, तर भार 630. एक वही आणि पेन पुरे. हृदयाच्या ठोक्यांवरून काढलेल्या भाराशी हा आकडा चांगला जुळतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

अट एकच: मुलानं खरं सांगितलं पाहिजे. ‘पाय जड आहेत’ म्हणणाऱ्याला संघातून वगळलं किंवा चारचौघांत त्याची टर उडवली, की पुढच्या वेळी तो म्हणणार, ‘काय नाही, बरा आहे.’ त्या क्षणी आपली वही खोटी झाली. पुढं गुडघा किंवा मांडीचा स्नायू गेला, तर त्याला आपण नशीब म्हणणार. सतरा-अठरा वर्षांचं पोर शाळा-कॉलेजसाठी खेळतं, तालमीसाठी खेळतं. संघ दोन झाले तरी शरीर एकच आहे ना!

तेव्हा प्रशिक्षकांना आपलं एवढंच सांगणं: प्रत्येकाला वेगळं विचारा, इतरांना ऐकू जाणार नाही असं. सलग दोन-तीन दिवस आकडा चढता दिसला, तर सराव हलका करा. आणि खरं बोलल्याची शिक्षा कुणालाही देऊ नका. थकवा मोजण्याआधी विश्वास लागतो, आणि तो कुठलंही यंत्र देत नाही.

आता प्रश्न घेऊ.