सोपा असावा मोकळा

सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांत दारातून आत येताच सोपा लागे. गादी-तक्क्यांची बैठक, शेजारी वह्यांची पेटी. पेढीचा व्यवहार आणि पाहुण्यांचे आगतस्वागत तेथेच होई. आजच्या घरांत ती जागा आक्रसली. तिचे महत्त्व मात्र उरलेच आहे.

चातुर्मासात दाराशी मुनींचे पडगाहन होते. चार हात भूमी पाहून पाऊल टाकणाऱ्या साधूंसाठी वाट कोरडी, उजेडाची व मोकळी हवी. म्हणून ओली पादत्राणे, छत्र्या उंबऱ्याबाहेर जाळीच्या मांडणीवर ठेवाव्यात. बंद कपाटात ओल कोंडते, बुरशी धरते आणि सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि बाजारपेठेत पाणी शिरले. अशा नदीकाठी वह्या, दस्तऐवज व शास्त्रग्रंथ सोप्यातील कपाटात न ठेवता पावसाळ्यापूर्वीच वरच्या मजल्यावर न्यावेत.

सजावटीला दारावर तोरण आणि भिंतीवर अष्टमंगलाची एक चौकट पुरे. जमिनीवरील प्रत्येक जादा वस्तू रोज हलवून झाडावी लागते; ते राहिले की तिच्या आडोशाला जीव वाढतात आणि नकळत हिंसा घडते.